सोलापुरातल्या धर्मग्रामाने सोलर घ्यावं का, आणि घेतलं तर वाचलेल्या पैशाचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एका लहान कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) आवारात चर्च, फादरांचं निवासस्थान, सिस्टरांचं कॉन्व्हेंट आणि शाळा आहे. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक वाचून तरुणांनी सोलरचा विषय काढला. पॅरिश कौन्सिलमध्ये तीन आक्षेप आले: हे चर्चचं काम आहे का; आपल्यातली काही माणसं औष्णिक वीज केंद्रावर कामाला आहेत, त्यांना काय वाटेल; आणि पैसा कुठून आणायचा. शिवाय ‘हवामान न्याय’ म्हणजे सोलापुरात नेमकं काय करायचं, हेही विचारलं आहे.

छतावरच्या सौर यंत्रणा आखणं आणि उभारणं हा माझा व्यवसाय. शाळा, मठ, दवाखाने, चर्च अशा संस्थांची कामं जास्त करतो. स्वतः कॅथलिक आहे, त्यामुळे कौन्सिलची बैठक कशी लांबते तेही माहीत आहे.

आधी एक हिशेब मांडतो. तो समोर असला की बरीच चर्चा आपोआप आटोपते. तुमच्यासारख्या आवारात साधारण 10 किलोवॉटची यंत्रणा बसते. आपल्या उन्हात एक किलोवॉट वर्षाला ढोबळमानाने 1,400 युनिट देतो, म्हणजे एकूण 14,000 युनिट. आता फताटेवाडी-आहेरवाडीचं एनटीपीसीचं कोळशावरचं वीज केंद्र घ्या. 660 मेगावॉटचे दोन संच, मिळून 1,320 मेगावॉट. पूर्ण क्षमतेने चाललं तर ते सेकंदाला 366 युनिट तयार करतं. तुमच्या छतावर वर्षभरात होणारी वीज तिथे चाळीस सेकंदांच्या आत होते.

तेव्हा ‘आम्ही पृथ्वी वाचवत आहोत’ असा फलक लावू नका, कोणीतरी हा भागाकार करून दाखवेल. सोलर जरूर घ्या, पण कारण नीट समजून घ्या. धर्मग्रामाकडे स्वतःचं पक्कं छत आहे, जागेचे कागद आहेत, बँकेत पत आहे, अर्ज भरू शकणारी माणसं आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात जे सगळ्यात जास्त भाजून निघतात त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं, आणि त्यांचं महिन्याचं वीजबिल बघितलं तर या तापमानवाढीत त्यांचा हात नखाएवढाही नाही. आवारातल्या छतावर वाचलेला पैसा आणि मिळालेली माहिती भिंतीबाहेर गेली तर त्याला न्याय म्हणता येईल. आतच राहिली तर ती बऱ्यापैकी गुंतवणूक झाली. तीही वाईट नाही, फक्त तिच्यावर प्रवचन करू नये.

आता आक्षेप. हे चर्चचं काम आहे का? ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकावर 24 मे 2015 ची तारीख आहे, ते प्रसिद्ध झालं 18 जूनला. त्यात दोन गोष्टी अगदी स्पष्ट आहेत. कोळसा, तेल आणि वायू जाळणारं तंत्रज्ञान विलंब न लावता टप्प्याटप्प्याने बदललं पाहिजे, हे परिच्छेद 165 मध्ये आहे. आणि पृथ्वीचा आक्रोश नि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत, हे परिच्छेद 49 मध्ये. 4 ऑक्टोबर 2023 ला पोप फ्रान्सिस यांचं याच विषयावरचं पुढचं पत्र ‘लाऊदाते देउम’ आलं, त्याचा सूर आणखी कडक आहे. कौन्सिलमध्ये कोणी शंका काढली तर हे दोन परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. परिच्छेद 211 मात्र जपून वाचा. तिथे साध्या सवयींचं उदाहरण म्हणून घरातली उष्णता कमी ठेवून जाड कपडे घालण्याचा उल्लेख आहे. सोलापुरात एप्रिलमध्ये हे वाचलं तर सगळे हसतील.

व्हॅटिकनने 2008 मध्ये, पोप बेनेडिक्ट यांच्या काळात, आपल्या मोठ्या सभागृहाच्या छतावर पॅनेल बसवले. जून 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमबाहेरच्या सांता मारिया दि गलेरिया इथल्या जमिनीवर, खाली शेती आणि वर पॅनेल अशा पद्धतीचा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला. पण मला बैठकीत व्हॅटिकनपेक्षा जवळची उदाहरणं जास्त उपयोगी पडतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. जानेवारी 2020 मध्ये आपल्या शेजारी उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईत विहिरींचं पाणी, वाड्या आणि झाडं वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनाचं त्यांनी नेतृत्व केलं, तेव्हा त्यांना ‘फादर, तुमचं काम वेदीवर’ असं म्हणणारे होतेच. दुसरे फादर हर्मन बाखर. मूळचे स्विस जेझुइट, आयुष्य घालवलं नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत. पाणलोट विकासाचं मोठं काम त्यांनी उभं केलं आणि 1993 मध्ये ‘वॉटर’ ही संस्था सुरू केली. त्या कामात गावाने आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः ठरवून पाळायची, मग निधी यायचा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. वीज केंद्रावर काम करणारा माणूस रविवारी तुमच्याच बाकावर बसतो. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून कसला न्याय होणार? रात्री चर्चमध्ये दिवे लागतात ते बहुतांशी कोळशावरच, सोलर बसवल्यानंतरही. पण म्हणून वस्तुस्थिती दडवायचीही गरज नाही. ते केंद्र उजनीचं पाणी घेतं आणि सोलापूर शहरही उजनीचंच पितं. शहरात नळाला पाणी रोज येत नाही. पॅनेलला थंड ठेवायला पाणी लागत नाही. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि कोणावर आवाज न चढवता सांगता येतात. माझा अनुभव असा की केंद्रातल्या माणसाला तांत्रिक समितीत घेतलं की तो सगळ्यात कामाचा ठरतो. अर्थिंग, रिले, केबलची जाडी यावर ठेकेदाराला तोच अडवतो. आणि कधीकाळी कोळशाची केंद्रं बंद होऊ लागली तर आधी घरी जाईल तो कंत्राटी कामगार. त्याच्या मुलांना आत्ताच वायरिंगचं आणि सोलरचं शिक्षण मिळावं यासाठी धर्मग्रामाने धडपड केली तर कोळसा सोडतानाचं संक्रमण न्याय्य असावं वगैरे जे म्हणतात त्याला काही आकार येईल.

कोळसा कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल एकच वाक्य: फिलिपीन्सच्या बिशपांनी जानेवारी 2022 मध्ये कोळसा आणि खाणउद्योगाकडून देणग्या न घेण्याचं जाहीर केलं, आणि छतावरच्या सोलरपुरतं तरी मी तेच सांगेन.

आता कामाचं बोलू.

सगळ्यांना पॅनेल चर्चवर हवे असतात, कारण रस्त्यावरून दिसतात. मी शाळेची गच्ची निवडतो. चर्चचं छत कौलारू किंवा पत्र्याचं, उतरतं आणि उंच असतं. तिथे चढून धुणं धोक्याचं. मनोऱ्याची सावली दिवसभर छतावर फिरते, आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच्याबरोबर मालिकेत जोडलेल्या सगळ्या पॅनेलची वीज घसरते. शिवाय चर्चला वीज लागते ती मुख्यतः रविवारी आणि सणाला. शाळेला लागते दिवसा, उन्हाबरोबर. 10 किलोवॉटला सुमारे हजार चौरस फूट मोकळी गच्ची पुरते. स्लॅब जुना असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या आणि गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, कारण नंतर पॅनेल उचलून ते करणं म्हणजे दुप्पट खर्च. सावली पडते म्हणून कडुलिंब तोडायचा ठराव येईल. तो नामंजूर करा, दोन पॅनेल कमी बसवा.

ऊन जितकं तापेल तितकी जास्त वीज, हा गैरसमज आहे. पॅनेलवर लिहिलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पॅनेल स्वतः 60-65 अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पादन घटतं, म्हणजे 12 ते 14 टक्के तिथेच गेले. म्हणून आपल्याकडे चांगले महिने फेब्रुवारी-मार्च, मे नव्हे. पॅनेल गच्चीला चिकटवून लावू नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, कल 15 अंशांच्या आसपास.

धुण्याचा प्रश्न ठेकेदार कधी काढत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ बसते, पंधरा दिवसांत थर दिसतो. नळाला पाणी रोज नाही आणि बोअरचं पाणी क्षारयुक्त. त्याने धुतलं की काचेवर पांढरे डाग बसतात ते कायमचे. सूर्य वर येण्याआधी, काच थंड असताना, मऊ ब्रशने कोरडी धूळ काढायची आणि मग थोड्या पाण्याने पुसायचं. शाळेच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं तर तेच यासाठी उत्तम. भर दुपारी गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

बिलाचं गणित. तुमच्या आवारात बहुधा शाळा, चर्च आणि कॉन्व्हेंट यांचे मीटर वेगळे आणि दरही वेगळे असतील. साध्या नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जाळ्यात दिलेली वीज वापरलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, ज्या मीटरला यंत्रणा जोडली त्याचंच बिल कमी होतं, शेजारच्या मीटरचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हाची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि युनिट खात्यावर जमा राहतात. जून ते मार्च ते वापरता येतात. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि उरलेल्या युनिटचे पैसे तुम्ही देता त्या दराने मिळत नाहीत. म्हणून क्षमता वर्षभराच्या वापरावर ठरवा, गच्चीच्या मापावर नको. दिवसा-रात्रीचे वेगळे दर येत चालले आहेत, त्यामुळे वीज नियामक आयोगाचा चालू आदेश वाचल्याशिवाय कोणाच्याही ‘एवढ्या वर्षांत फिटतं’ या आकड्यावर सही करू नका. आणि हो, लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. नाताळच्या मिस्सेत (प्रार्थनाविधीत) अंधार झाल्यावर ‘मग सोलर कशाला बसवलं’ असं कोणी विचारण्याआधीच सांगून ठेवा.

खर्च किलोवॉटला 50 ते 60 हजार धरा, म्हणजे पाच ते सहा लाख. शाळेच्या बिलात युनिटमागे सगळं मिळून 9 रुपये पडत असतील तर वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. पॅनेल 25 वर्षं चालतं, इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरायोग्य करणारं यंत्र, त्या काळात एकदा तरी बदलावा लागतो, त्याचे पैसे बाजूला ठेवत जा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, म्हणजे 3 किलोवॉटला 78,000 रुपये, घरगुती ग्राहकांना आहे. शाळेला त्यातलं काही मिळत नाही. ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पैसे नसतील तर कंपन्या ‘एक रुपया घालू नका, आम्ही बसवतो, तुम्ही 25 वर्षं आमची वीज घ्या’ असा करार आणतात. इथे थांबा. आवाराची मालकी बहुतेक वेळा धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेकडे असते. पॅरिश प्रीस्टची एकट्याची सही पुरत नाही. धर्मग्रामाच्या अर्थसमितीचा ठराव आणि धर्मप्रांताची लेखी मंजुरी लागते. तुमच्या बाबतीत ती पुण्याहून यायची, वेळ धरून ठेवा. दुसरं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार विश्वस्त संस्थेची इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करारात गच्चीचा ‘भाडेपट्टा’ असेल तर प्रकरण तिथे पोहोचतं. विक्रेत्याचा वकील त्याला निव्वळ वापर-परवाना म्हणेल. तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा. परदेशातल्या एखाद्या धर्मग्रामाने प्रेमाने पैसे देऊ केले तरी एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँक शाखेतलं ठरलेलं खातं असल्याशिवाय घेता येत नाहीत, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने ते दुसरीला देणंही बंद झालं आहे. मला विचाराल तर अर्धे पैसे धर्मग्रामात गोळा करा, उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढा. वेळ लागेल, पण छत आपलं राहील.

आता भिंतीबाहेर. पूर्व भागात किंवा शहराच्या कडेच्या वस्त्यांत दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत जाऊन बसा. बिडी वळणारी बाई तिथेच आठ-दहा तास बसलेली असते. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते, त्यामुळे उन्हाने हात मंदावला की मजुरी घटते. पंखा जोरात लावला तर सुपातली तंबाखू उडते, म्हणून तो हळू असतो किंवा बंद. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा त्याच पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो. यांच्यासाठी छतावरच्या अनुदानाची योजना कागदावरच आहे. पत्रा पॅनेलचं वजन पेलत नाही, खोली भाड्याची, बिल घरमालकाच्या नाहीतर त्याच्या मेलेल्या वडिलांच्या नावावर.

म्हणून वर्षाच्या सव्वा लाखातले निम्मे, साठेक हजार, यासाठी बांधून टाका. बिडीवाल्या घरांत पंख्यापेक्षा छत थंड करणं जास्त उपयोगी. स्लॅब असेल तर चुना चालतो. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे उष्णता परतवणारा पांढरा रंग लागतो. खोलीतलं तापमान दोन-चार अंशांनी उतरतं, आणि 44 अंशांत दोन-चार अंश म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. यंत्रमाग कामगारांच्या घरी कमी विजेचा पंखा द्या. साधा 75-80 वॉट खातो, हा 30-35. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात.

ज्यांना पक्कं छत आहे त्यांना पैशापेक्षा कागदाची मदत लागते. कुंभारीला बिडी कामगारांचं गोदूताई परुळेकर घरकुल आहे, तिथेच पुढे रे नगर झालं; तिथली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला कामगारांना मिळाली. अशा घरांतल्या लोकांना बिलावरचं नाव बदलणं, पोर्टलवर अर्ज, बँकेचं कर्ज, यातलं काही सोपं नाही. तुमच्या तरुणांनी शाळेच्या यंत्रणेसाठी हेच सगळं केलेलं असेल, ते महिन्यातून एक रविवार तिथे बसले तर बराच फरक पडेल.

यादीत फक्त कॅथलिक कुटुंबं असतील तर ही योजना करूच नका. आणि मदत चर्चकडून आली की कुजबुज होते, हेही धरून चला. म्हणून वाटप बचत गटांमार्फत किंवा कामगार संघटनेमार्फत करा, कोणाचं छत आधी हे वस्तीला ठरवू द्या, रंगावर वा पंख्यावर चर्चचं नाव छापू नका. बाखरांचा क्रम इथे लागतो: वस्तीतल्या पोरांनी रंग स्वतः मारायचा, सामान तुम्ही द्यायचं.

एक गोष्ट हमखास होणार. बिल उतरलं की कोणीतरी चर्चला एसी बसवायचा प्रस्ताव आणेल. ‘लाऊदातो सी’च्या परिच्छेद 55 मध्ये वाढत्या एसीचंच उदाहरण दिलं आहे, अगदी नाव घेऊन. उन्हाळ्यात मिस्सा सकाळी लवकर ठेवा आणि वरचे झरोके उघडे करा. वृद्धांसाठी एक खोली थंड करायची असेल तर माझी हरकत नाही, पण ती दुपारी रस्त्यावरच्या माणसालाही उघडी ठेवा.

माळरानाचंही सांगतो, कारण धर्मप्रांताच्या किंवा तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी दलाल फिरत असतील. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात. माळढोक मोठा, जड पक्षी, समोरच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांसाठी, तिथल्या सौर-पवन प्रकल्पांच्या तारांवरून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. त्याच खटल्यात 21 मार्च 2024 च्या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 खाली मान्य झाला, आणि तारा सरसकट जमिनीखाली घालण्याचा आधीचा आदेश सैल करून विषय तज्ज्ञ समितीकडे गेला. एकाच निकालात दोन्ही बाजू आहेत, म्हणून तो अभ्यासवर्गात वाचण्यासारखा. माळरान कागदावर पडीक दिसतं, पण त्यावर धनगरांची मेंढरं चरतात, पक्षी जगतात. सौर प्रकल्पाला जमीन देताना हे विचारल्याशिवाय सही करू नये.

सुरुवातीला शाळेची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, मंजूर भार बघा, गच्चीचं माप आणि मनोऱ्याची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला टिपा. तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या आणि तिन्हींत पॅनेल, इन्व्हर्टर, केबल यांची नावं लिहून घ्या. ठरावात दोन कलमं एकत्रच मंजूर करून घ्या, यंत्रणेचं आणि बचतीतल्या निम्म्या पैशाचं. दुसरं कलम ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणून मागे पडू लागलं तर पहिल्यावरही मत घेऊ नका.